लग्नाच्या जागेबद्दल

सातारा

चि. अभि यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही जागांचे फोटो आईने टीव्हीवर लावून पाहिले. देवळाचा हॉल बरा वाटला, पण तिथे बाहेरचा आचारी चालेल का अशी तिला शंका. तळ्याकाठचं रिसॉर्ट दोघांनाही महाग वाटलं. तिसरी जागा मात्र तिला पाहताक्षणी आवडली. पांढरे खांब, दोन्ही बाजूंनी ओकची झाडं, मधून गेलेली वाट. मी तेव्हा गप्प बसलो. फोनवर बोललो असतो तर "बाबा, आता ते नुसतं वेडिंग व्हेन्यू आहे" असं म्हणून तू विषय मिटवला असतास. म्हणून लिहितोय. लांबण लावायची सवय खात्याने लावली आहे, सोसून घे.

त्या जागेचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. झुंबर कुठून आणलं ते आहे, हिरवळीवर किती खुर्च्या मावतात ते आहे. घर कोणी बांधलं, शेत कोणी कसलं, ते नाही. 'प्लँटेशन', म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारा मोठा मळा, एवढा एक शब्द नावात आहे, बाकी शांतता. उभी हयात भूमी अभिलेखात काढलेल्या माणसाला अशा कागदात काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते आधी दिसतं.

गेल्या वर्षी आम्ही तुझ्याकडे असताना आपण नॉर्थ कॅरोलायनात रॅली शहराहून पूर्वेला, क्रेसवेलजवळ सॉमरसेट प्लेस या जुन्या प्लँटेशनला गेलो होतो. तू गाडीत बसून मीटिंग केलीस, आम्ही दोघं आत फिरलो. म्हणजे तुझी ती सहल राहूनच गेली. काय पाहिलं ते आता सांगतो.

शेजारी लेक फेल्प्स नावाचं मोठं तळं आहे. १७८६ मध्ये तिथला मालक जोसाया कॉलिन्स आणि त्याच्या भागीदारांनी पश्चिम आफ्रिकेतून थेट ऐंशी माणसं आणवली आणि त्यांच्याकडून दलदलीतून कालवा खणून घेतला. सहा मैल लांब, वीस फूट रुंद, सगळा हाताने. तळ्याचं पाणी भाताला द्यायचं आणि माल नदीपर्यंत न्यायचा, असा दुहेरी बेत. चिखल, डास, ताप. त्यात किती मेली याचा धड हिशोब नाही. संध्याकाळ झाली की ही माणसं आपल्याकडची गाणी म्हणू लागायची, गाता गाता गाठोडी खांद्यावर टाकून आफ्रिकेच्या दिशेने तोंड करून पाण्यात चालत जायची आणि काही बुडायची, अशी आठवण लिहून ठेवलेली आहे. हे ऐकल्यावर आई तळ्याकडे जायला तयार होईना. आम्ही सायप्रसच्या झाडांपाशीच थांबलो.

पुढे भात सोडून मका आणि गहू आला, मालकाचं चौदा खोल्यांचं घर उभं राहिलं. १८६५ पर्यंतच्या ऐंशी वर्षांत तिथे साडेआठशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून राबली. यादवी युद्धानंतर पसारा मोडला. कालांतराने सरकारने ती जागा ऐतिहासिक म्हणून जपली. पण जपलं ते मालकाचं घर. गुलामांच्या झोपड्या जमीनदोस्त झालेल्या, आणि येणाऱ्याला कॉलिन्स घराण्याच्या गोष्टी सांगायच्या, अशी रीत होती.

ती मोडली डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड नावाच्या बाईंनी. राहायला व्हर्जिनियात पोर्ट्समथला, पण जन्म सॉमरसेटपासून जवळच्याच कोलंबिया गावातला. इतक्या जवळ असून आपले पूर्वज तिथले हे त्यांना ठाऊक नव्हतं. १९७७ च्या सुमारास लेकीने विचारलं, आपण मूळचे कुठले? उत्तर शोधण्यात त्यांची दहाएक वर्षं गेली.

ते काम किती किचकट असेल याची कल्पना माझ्यासारख्याला येते. आपल्याकडे वारसनोंद करायची तर आधी मयताचं नाव कागदावर दाखवावं लागतं. तिथे नावच नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत, त्यांत मालकाचं नाव आणि त्याखाली ओळीने वय, लिंग, वर्ण. नावासहित नोंद झाली ती १८७० ला. त्याच्या मागे जायचं तर मालकाचे कागद उघडावे लागतात, कारण ही माणसं कायद्याने जंगम मालमत्ता होती. म्हणून ती सापडतात मृत्युपत्रात, गहाणखतात, खरेदीखतात, मालक मेल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत. खेचरं, नांगर, आणि त्यांच्याच आगेमागे माणसं. प्रत्येकापुढे किंमत. पणजीचा शोध घ्यायचा तर तिचा मालक कोण हे आधी शोधा. अशी वारसनोंद मला करावी लागली असती तर मी पहिल्याच महिन्यात फाइल बंद केली असती.

रेडफर्डबाईंनी ती केली, आणि स्वतःच्या घराण्यापुरती केली नाही. सॉमरसेटच्या सगळ्या कुटुंबांचे धागे जुळवत त्या आजच्या पिढीपर्यंत आल्या, लोकांना पत्रं लिहिली, बोलावलं. ३० ऑगस्ट १९८६ ला तिथे दोन हजारांवर माणसं जमली. तीन-चार पिढ्या एकमेकांची नाती ठाऊक नसलेले चुलते-पुतणे त्या हिरवळीवर पहिल्यांदा भेटले. कॉलिन्सच्या वंशातले लोकही आले होते. पुढे रेडफर्डबाईच त्या स्थळाच्या व्यवस्थापक झाल्या आणि बरीच वर्षं होत्या. गुलामांची घरं पायावर पुन्हा उभी केली आहेत. एक सकी डेव्हिसच्या कुटुंबाचं, एका खोलीचं. एक ल्यूइस आणि ज्यूडीचं. शिवाय दवाखाना. घरांना माणसांची नावं दिलीत, हे मला फार आवडलं.

आमच्या गटात एक वयस्क काळ्या बाई होत्या, नातवंडांना घेऊन आलेल्या. हातात कागदांची फाइल. माझी नजर साहजिकच तिकडे. त्यांच्या लक्षात आलं, तशी त्यांनी फाइल माझ्यापुढे धरली. यादीची झेरॉक्स होती, एका नावाखाली पेन्सिलीने रेघ. मोठ्या घरात त्या फारशा रेंगाळल्या नाहीत. एका खोलीच्या घरात मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या, धाकट्या नातवाला चुलीपाशी उभं करून फोटो काढला, आणि गाईडला विचारलं, पाणी कुठून भरायचे? बाजार कुठे करायचे? आपण कोकणातल्या मूळ घरी गेलो की आईने असलेच प्रश्न विचारले आहेत.

आता लग्नाचं. नॉर्थ कॅरोलायनात गुलामांचं लग्न कायद्याने लग्नच नव्हतं. लग्नं होत, मुलं होत, संसार होत. पण मालकाने एकाला विकलं की मोडलं, दाद कुठे मागणार? सुटका झाल्यावर मार्च १८६६ मध्ये राज्याने कायदा केला की पूर्वी गुलाम असलेल्या जोडप्यांनी कोर्टाच्या कारकुनापुढे किंवा न्यायाधीशापुढे यावं, आपण किती वर्षं नवराबायको म्हणून राहतो ते सांगावं आणि नोंद करून घ्यावी. फी २५ सेंट. बऱ्याच काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, ही रजिस्टरं आजही आहेत. पैशापैशाला महाग असलेली माणसं रांगेत उभी राहून सांगतात, आमची दहा वर्षं झाली, आमची तीस झाली. मी नोकरीत हजारो नोंदी घेतल्या, पण असली एकही माझ्या हातून झाली नाही.

ज्या आवारात दोन पिढ्यांच्या लग्नाला कागदाचा आधार नव्हता तिथेच आपण हॉल घेऊन, भटजी बोलावून, काउंटीचं लायसन्स काढून लग्न लावायचं, हे मला जमत नाहीये.

माझंच एकट्याचं हे खूळ आहे असं समजू नकोस. डिसेंबर २०१९ मध्ये 'द नॉट' ही लग्न ठरवायला मदत करणारी वेबसाइट आणि पिंटरेस्ट यांनी प्लँटेशनवरच्या लग्नांची जाहिरातबाजी आवरती घ्यायचं जाहीर केलं. तुझ्या लाडक्या 'डेडपूल' सिनेमातल्या नटाने, रायन रेनॉल्ड्सने, २०१२ मध्ये चार्ल्स्टनजवळ बून हॉल या प्लँटेशनवर लग्न केलं. तिथे गुलामांच्या विटांच्या नऊ खोल्या ओळीने अजून उभ्या आहेत. २०२० मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. नटांच्या मागून जायचं मी तुला कधी सांगितलं नाही, पण इथे मागून का होईना, जा.

तू म्हणशील, लग्नांच्या पैशावरच या वास्तू टिकतात. काही अंशी खरं असेल. पण टिकवायचं म्हणजे काय, हे ठरवण्यात त्या फाइलवाल्या बाईंचा वाटा आहे की नाही? लुइझियानात व्हिटनी नावाचं प्लँटेशन २०१४ पासून फक्त गुलामांचाच इतिहास सांगतं; भिंतींवर नावं कोरली आहेत. तिथे लोक तिकीट काढून येतात. जोसेफ मॅकगिल नावाचे गृहस्थ २०१० पासून गुलामांच्या उरल्यासुरल्या खोल्यांत रात्री मुक्काम करतात, सोबत इतरांनाही नेतात, म्हणजे निदान त्या खोल्या पडू देऊ नयेत असं मालकांना वाटावं. तेव्हा दुसरे मार्ग आहेत.

आणि आपण काही वरून बोलण्यातले नाही. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींची, म्हणजे गुलाम दासींची, खरेदी-विक्री आहे, किमती आहेत, वाड्यांत आणि किल्ल्यांवर राबणाऱ्या बायकांच्या नोंदी आहेत. कंपनी सरकारने १८४३ मध्ये कायदा करून गुलामीची मान्यता काढून घेतली. शनिवारवाड्यावर आपण तुला खांद्यावर बसवून नेलं होतं, कारंजी कुठे होती ते सांगितलं. एखादी बाई फाइल घेऊन तिथे आली आणि आमची खापरपणजी इथे कुणबीण होती, ती कुठे झोपायची, असं तिने विचारलं, तर दाखवायला कोणाकडे काही नाही. निदान मला तरी अशी बाई अजून भेटलेली नाही. अमेरिकेत ती भेटली, म्हणून हे सुचतंय.

प्लँटेशनवर जाऊच नका असं मी म्हणत नाही. उलट लग्नाआधी एखाद्या शनिवारी दोघं सॉमरसेटला जाऊन या, या वेळी फोन गाडीत ठेवून. कालव्याच्या काठाने चाला. मोठं घर शेवटी बघा, वेळ उरला तर.

हे पत्र तुझ्या होणाऱ्या बायकोलाही वाचून दाखव. तिला मराठी वाचता येत नाही म्हणून मधलं गाळू नकोस. विशेषतः १८६६ चं सांग. जागा तिने निवडली असेल तर तिला वाईट वाटू देऊ नकोस, फोटो खरोखरच सुंदर आहेत. तिच्या वडिलांशी मी बोलू की तू बोलतोस ते कळव. ते शार्लट शहरात वीस वर्षं आहेत, त्यांना यातलं बरंच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आणि डिपॉझिट भरून बसला असलास तर किती परत मिळतं ते विचार. जे बुडेल ते मी देतो, माझ्या पेन्शनमधून, आईला न सांगता.

तुझा,
बाबा