विम्यात न बसणारा खर्च

महोदय,

आम्ही नवरा-बायको दोघेही कंत्राटी नोकरीत. आरोग्य विमा आहे, पण तो रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाचा. गर्भनिरोधक गोळ्यांचे पैसे दरमहा खिशातूनच जायचे. आशाताईंमुळे कळले, की सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, माला-एन, आठवड्याची ‘छाया’ गोळी, ३ महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, १० वर्षे चालणारी तांबी सारे मोफत मिळते. हे आधी कुणी का सांगितले नाही, याचे आजही वाईट वाटते. मात्र दोनदा ‘गोळ्या संपल्या’ ऐकून रिकाम्या हाती परतले, अर्ध्या दिवसाचा पगारही बुडाला. शेवटी तांबी बसवून घेतली. केंद्राबाहेर शिल्लक साठ्याचा फलक रोज लावावा आणि संध्याकाळी तासभर तरी गोळ्या मिळाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सातारा