बायबल अभ्यासाचा अर्ज भरण्यापूर्वी

महोदय,

परीक्षांचे निकाल लागले, की मिरज, सांगली, साताऱ्याच्या ख्रिस्ती घरांत दरवर्षी एक प्रश्न निघतो. मुलाला किंवा मुलीला बायबल अभ्यासाच्या पदवीला घालावं का, आणि पुढे पोटापाण्याचं काय? श्रद्धा आपल्या जागी आहेच, पण काही गोष्टी कागदावर तपासाव्याच लागतात.

पहिली गोष्ट, पदवी कोण देतं. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटला, म्हणजे त्याच्या पदव्या ठरवणाऱ्या मंडळाला, पदव्या देण्याचा अधिकार १९१८ च्या बंगालच्या कायद्याने मिळाला. पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी (ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं महाविद्यालय) त्या सिनेटशी संलग्न आहे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन या संस्थेची मान्यता मात्र खासगी स्वरूपाची. चर्चच्या कामाला ती चालते, सरकारी जाहिरातीतल्या 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' या अटीला चालत नाही. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' एवढंच छापलेलं माहितीपत्रक हाती आलं, तर पदवी कोणत्या कायद्याखाली मिळणार हे लेखी विचारा. आमचं स्पष्ट मत असं, की आधी बी.ए. किंवा बी.कॉम. पदरात पाडून घ्यावी, मगच बी.डी.कडे (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) वळावं. बारावीनंतर थेट गेलेल्या मुलाला पुढे वाट बदलायची झाली, तर हातात काही उरत नाही.

अभ्यासात मुलं अडकतात ती बायबलच्या मूळ भाषांना, हिब्रू आणि ग्रीकला. हिब्रूची अक्षरं बावीस, लिहिणं उजवीकडून डावीकडे, आणि स्वर बहुतेक अक्षरांखाली ठिपक्या-रेघांनी दाखवलेले. बेथ आणि काफ, दालेथ आणि रेश या जोड्या आपल्या घ-ध, भ-म सारख्याच फसव्या. पुष्कळ जण रोमन लिपीतले उच्चार पाठ करतात आणि मूळ पान समोर आलं की गडबडतात. म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त लिपी गिरवावी. ग्रीकचं भय तर विनाकारण आहे. विभक्ती आणि तीन लिंगं मराठी मुलाला घरचीच, शाळेत संस्कृत घेतलेल्याला तर निम्मी वाट चाललेली. बायबलच्या ग्रीक भागात, म्हणजे नव्या करारात, सुमारे ५,४०० वेगवेगळे शब्द आहेत. त्यांतले पन्नास किंवा अधिक वेळा येणारे जेमतेम तीनशे, पण ८० टक्के मजकूर त्यांनीच व्यापला आहे. रोज दहा शब्द धरले तर महिन्याचं काम! पंडिता रमाबाईंनी केडगावात राहून याच दोन भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं.

आता नोकरीचं. बी.डी. झाली म्हणजे पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, दीक्षा मिळाली असं नाही. ती चर्च देतं, उमेदवारीचा काळ पाहून देतं. मानधन मंडळीच्या (गावच्या चर्चच्या सभासदांच्या) वर्गणीवर अवलंबून, त्यामुळे गावोगावी वेगळं. सेमिनरीत शिकवायचं तर एम.टीएच. (धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी) हवी. रुग्णालयात रुग्णांना धीर देणाऱ्या चॅप्लेनचं काम मिळू शकतं, पण चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती बी.डी.वर मिळत नाही. भाषांतराच्या कामात मूळ भाषांइतकीच कसदार मराठी लागते, आणि तिथेच आपली मुलं कमी पडतात. विद्यापीठात शिकवायला जायचं असेल तर नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या यादीत धर्मांचा तौलनिक अभ्यास हा विषय आहे. त्याला मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवीत खुल्या गटासाठी ५५ टक्के गुण लागतात.

मंडळ्यांनाही विनंती आहे. शिफारसपत्रावर सही करताना पुढे नेमणूक कुठे, मानधन किती, राहायला घर आहे का, हे त्याच दिवशी लेखी द्या. मुलगी अर्ज करत असेल तर आपलं चर्च स्त्रियांना दीक्षा देतं की नाही, हे तिला चौथ्या वर्षी नव्हे, अर्ज भरतानाच कळलं पाहिजे.

– बायबलचे काही अभ्यासक, मिरज (जि. सांगली)