यंदा वाफा नाही, कुंड्या

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

शनिवारी सकाळी घरी सामान येईल. चाळीस लिटरच्या कंपोस्टच्या दोन पिशव्या, ग्रिटची, म्हणजे बारीक खडीची, एक, मातीच्या दोन मोठ्या कुंड्या, त्यांच्याखाली ठेवायचे सहा छोटे पाय आणि ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकसच्या कंदांचं खोकं. काहीही उचलू नका. सगळं मागच्या दारापर्यंत आणून द्यायला सांगितलंय.

बाबा, आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असतात आणि रविवारी वाफ्यात उतरला असतात.

कारण मातीचं आहे, खरंच. लंडनमधल्या आपल्या हॅरोची चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून पाणी धरून बसते. यंदाचा पाऊस बघताय ना. पटत नसेल तर वाफ्याच्या कडेला मागच्या वर्षीचा खड्डा आहे, त्यात आईला एक बादली पाणी ओतायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बघा. पाणी तसंच असेल तर त्या जागी ट्यूलिप कुजणार. कंद लावायच्या त्या गोल हत्याराने तर आणखी बिघडतं. ओल्या चिकणमातीत ते फिरवलं की खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत लिंपल्या जातात आणि खड्ड्याचा पेला होतो. तळाशी मूठभर वाळू टाकूनही उपयोग नाही, आजूबाजूचं पाणी त्याच वाळूत येऊन साठतं. शिवाय ओल्या वाफ्यावर पाय पडला की माती दबते आणि वसंतापर्यंत मोकळी होत नाही. पाय घसरण्याबद्दल मी काही बोललेच नाहीये, तेव्हा चिडू नका. वाफा रिकामा राहणार नाही. जुने डॅफोडिल चिकणमातीला सरावलेत, ते आपले आपण येतील.

आणि शेडमध्ये फावडं शोधू नका. मागच्या खेपेला मीच गाडीत घालून ग्लासगोला आणलंय.

आता कामाचं. कंद लगेच लावायचे नाहीत. तुळशीचं लग्न होऊ द्या, मग. ट्यूलिप लवकर लावले तर उबदार, ओल्या मातीत त्यांना बुरशी धरते, पानं वेडीवाकडी होऊन करपल्यासारखी दिसतात. गारठ्यात तो धोका कमी होतो. डॅफोडिल आणि क्रोकसला खरं तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, पण नोव्हेंबरही चालतो, म्हणून तिन्ही एकाच वेळी उरकू. तोवर कागदी पिशव्यांत, जिन्याखाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम येऊन ते सडतात. सफरचंदांजवळही ठेवू नका, पिकत्या फळांच्या वायूने ट्यूलिपच्या पोटातली कळी आतच मरते.

आई, लावायच्या दिवशी प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून बघ, लसूण घेताना बघतेस तसाच. घट्ट आणि वजनदार तो चांगला. मऊ किंवा आंबूस वासाचा सरळ कचऱ्यात, कंपोस्टच्या ढिगात नाही. वरच्या सालीवर निळसर बुरशीचा डाग असेल आणि आतून कंद घट्ट असेल तर पुसून लाव. साल सुटली तरी बिघडत नाही. हातमोजे मात्र घालायचेच, ट्यूलिपच्या चिकाने बोटांना खाज सुटते.

कुंड्या आधी जागेवर न्या, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीला लागून. तिथे पावसाचा मारा कमी आणि खिडकीतून फुलंही दिसतील. प्रत्येकीखाली तीन पाय, मगच भरायला घ्या. भरलेली कुंडी दोघांनी मिळूनही हलवायची नाही. खुर्ची घेऊन बसलात की काठ गुडघ्याशी येतो, वाकावं लागत नाही. निळी उशी घ्या. थर्मास भरून ठेवा.

चार डबे कंपोस्टला एक डबा ग्रिट, टबात कालवायचं. बाबा, तळाशी विटांचे तुकडे नकोत. तुमचा विश्वास बसणार नाही, पण पाणी त्या तुकड्यांवरच्या मातीत अडून राहतं आणि ओल उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. काठापासून वीस सेंटिमीटर खाली येईपर्यंत भरा आणि पंधरा ट्यूलिप मांडा, एकमेकांना आणि कुंडीला न टेकवता, मध्ये बोटभर जागा ठेवून. ते झाकून माती काठाखाली बारा सेंटिमीटरवर आली की बारा बुटके डॅफोडिल. त्यावर माती, आणि काठाखाली सात सेंटिमीटरवर पंचवीस क्रोकस. वरून दोन बोटं जागा पाण्याला सोडा. खालचे कोंब वरच्या कंदांना वळसा घालून वाट काढतात, त्याची काळजी नको.

"शेंडी वर, दाढी खाली." मी अजूनही मनात तेच म्हणते, बाबा. एखाद्याची शेंडी सापडलीच नाही तर आडवा ठेवा, तो आपला सरळ होतो.

लावल्यावर एकदाच पाणी. नंतर पाऊस आहेच. खारी डॅफोडिलला तोंड लावत नाहीत, पण क्रोकस आणि ट्यूलिप उकरतात. त्यासाठी तारेची जाळी कापून पाठवलीय, टोकं आत दुमडून. आई, तुझ्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा ती न टोचणारीच हवी होती. कोंब वर आले की काढून टाका. फेब्रुवारीत क्रोकस, मग डॅफोडिल, एप्रिलमध्ये ट्यूलिप.

दिवाळीला मी नसेन, रजेचं तुम्हाला माहीत आहे. वाईट वाटतंच. फोनवर सगळं दाखवा. एका दिवशी एकच कुंडी, आणि पाऊस असेल तर तीही नको. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही बिघडत नाही. बाबा, गुडघ्याचा पट्टा बसायच्या आधी लावा, नंतर नाही.

मार्चमध्ये येते. फावडं आणीन.

तुमची,
छकुली

ता. क. : आई, डॅफोडिलचे कंद विषारी असतात आणि दिसतात हुबेहूब आपल्या छोट्या कांद्यांसारखे. त्या पिशवीवर मी लाल पेनाने मोठी फुली मारायला सांगितलीय. तरीही कांद्याच्या टोपलीजवळ ती नको.