निंदणीत उपटले गेलेले पीक: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कलासंग्रहालयांच्या प्रसिद्धी व लोकसंपर्काच्या कागदपत्रांचे जतन होण्याबाबत.

महोदय,

सरकारी दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसाला ‘निंदणीकरण’ हा शब्द नवा नाही. शेतात रोपांमधले तण काढतात ती निंदणी आणि अभिलेख कक्षातले मुदत संपलेले कागद काढतात ते निंदणीकरण. हा शब्द ज्याने बसवला त्याला शेतीची जाण असावी. पण निंदायला बसलेल्या बाईला ज्वारीचे रोप कोणते आणि तण कोणते हे बोटांनाच कळते. आमच्या कार्यालयात निंदायला मी बसलो होतो.

मी एका शासकीय संग्रहालयात नोकरी केली. पद लिपिकाचे, पण अक्षर बरे आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जायची लाज नाही, म्हणून प्रसिद्धीचे काम माझ्याकडे आले ते निवृत्तीपर्यंत राहिले. निमंत्रणपत्रिका छापून घेणे, पाकिटांवर पत्ते लिहिणे, बातमी तयार करून सायकलवर, पुढे फॅक्सने, त्याहीपुढे ईमेलने पाठवणे, छापून आलेले कात्रण कापून चिकटवणे, शाळांना पत्रे धाडणे, अभिप्राय वही भरली की नवी ठेवणे. 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि नोव्हेंबरातला जागतिक वारसा सप्ताह हे आमचे दोन सुगीचे हंगाम. वर्षातल्या इतर दिवशी साहेब विचारायचे, ‘आज काही आलंय का पेपरात?’

2009 च्या पावसाळ्याआधी भिंतीला ओल आली म्हणून दोन कपाटे रिकामी करायचे ठरले. कागदांचे वर्ग आपल्याला ठाऊक असतीलच: ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ म्हणजे एक वर्ष. आस्थापनेच्या, म्हणजे नोकरवर्गाच्या, नस्ती ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये गेल्या. माझी सगळी कपाटे ‘ड’ मध्ये. कार्यक्रम झाला, पत्रिकेचे काम संपले, अशी त्यामागची समजूत. नाशनाच्या यादीत मी एक ओळ लिहिली, ‘जुनी प्रसिद्धी कागदपत्रे, गठ्ठे 41’, आणि खाली सही केली. रद्दीवाल्याने टेम्पो आणला. या प्रकरणात मी तक्रारदार नाही, आरोपी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचे त्या हिशेबाने वाचावे.

टेम्पो भरत असताना एक गठ्ठा सुटला. सहज उचललेला पहिला कागद म्हणजे एका चित्रप्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेचे कच्चे प्रूफ. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईचे, मागून हात फिरवला तर अक्षरांचा उठाव बोटाला लागावा असे. त्यावर तांबड्या शाईने केलेल्या दुरुस्त्या. मूळ मजकुरात चित्रकाराचे नाव सगळ्यात वर होते. तांबडा बाण ते नाव खाली नेतो, मग दुसरा बाण आणखी खाली, शेवटी ‘आपण अगत्याने यावे’ च्या जरा वर ते विसावते. वर चौदा मान्यवर. (राजशिष्टाचाराचा क्रम काय असतो हे आपल्यापेक्षा चांगले कोणाला ठाऊक असणार!) छापील पत्रिका त्या चित्रकाराच्या घरी कदाचित फ्रेम करून लावली असेल. पण त्याचे नाव पायऱ्या उतरत कसे खाली आले हे फक्त त्या प्रुफावर दिसत होते. ते मी खिशात घातले. मग दुसरा गठ्ठा उघडला. टेम्पो निघेपर्यंत तीन खोकी बाजूला काढली होती.

त्या खोक्यांत एक अभिप्राय वही आहे. ‘छान’, ‘उत्तम’, ‘संग्रह आवडला’ यांनी पाने भरली आहेत. ती वाचून कोणाचेच काही भले होणार नाही. पण मध्येच पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी आहेत: चित्रे पाहिली, खालची अक्षरे फार बारीक, आजोबांना प्रत्येक पाटी वाचून दाखवावी लागली. पुढच्याच वर्षी आमच्या दालनातल्या पाट्या मोठ्या झाल्या. फाईलमध्ये त्याचे कारण ‘नूतनीकरण’ असे आहे. खरे कारण पेन्सिलीतले आहे.

शाळांची पोस्टकार्डे आहेत. ‘आमच्या शाळेची 54 मुले व 2 शिक्षक येणार आहेत, तिकीट माफ व्हावे, पिण्याच्या पाण्याची सोय आहे काय.’ गावांची नावे एका कागदावर मांडून पाहिली तर सगळी गावे एस.टी.च्या दोन मार्गांवर निघतात. तिसऱ्या दिशेच्या तालुक्यातून वर्षानुवर्षे एकही कार्ड नाही. आम्ही त्या बाजूला पत्रेच पाठवत नव्हतो की पाठवूनही कोणी येत नव्हते? जावकाची वही असती तर कळले असते. ती टेम्पोत गेली.

एवढ्यावरून माझे म्हणणे आपल्या लक्षात आले असेल. संग्रहालयात कोणती वस्तू आहे हे दाखल नोंदवही सांगते. बसायच्या खुर्चीवरसुद्धा पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा, म्हणजे कार्यालयीन सामानाच्या नोंदवहीतला, क्रमांक असतो. पण संग्रहालयाने लोकांना काय सांगितले, कोणाला बोलावले, कोणाला विसरले आणि लोक काय म्हणाले, याची नोंद ज्या कागदांत आहे त्यांना क्रमांक नाही, वर्ग असलाच तर ‘ड’.

कलेच्या इतिहासात या फुटकळ कागदांचे मोल काय असते? सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या कलाकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे 1949 सालचे मुंबईतले प्रदर्शन आज प्रत्येक विद्यार्थी अभ्यासतो. त्या सहा जणांना तेव्हा काय म्हणायचे होते हे शोधताना अभ्यासक ज्या कागदांकडे वळतात, त्यांत त्या प्रदर्शनासोबत निघालेला छोटासा कॅटलॉग आणि त्यातले सूझांचे निवेदन येते. आमच्या पद्धतीने त्याचे वर्गीकरण झाले असते तर 1950 सालीच त्याच्या पुड्या बांधल्या गेल्या असत्या.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1929 पासूनच्या आपल्या प्रदर्शनांची जंत्री, छायाचित्रे आणि जुनी प्रसिद्धीपत्रके इंटरनेटवर खुली केली आहेत. तिथे 1955 मध्ये भारतीय वस्त्रे आणि अलंकारकलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने तिथल्या प्रसिद्धी विभागाने काय लिहून पाठवले ते मी इथे घरी बसून वाचू शकतो. बडोद्याच्या कलाकारांचे कागद, छायाचित्रे पाहायची तर हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर जायचे. त्यांनी ते केले हे त्यांचे उपकारच. पण माझ्याच संग्रहालयात त्याच 1955 साली काय झाले, हे मला कोणी विचारले तर सांगता येत नाही.

आता आपल्या अखत्यारीतले. औंधचे श्री भवानी संग्रहालय आपल्याच खात्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर उभे केले. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत, चित्रकार धुरंधर आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे दगडातले आई-मूलही आहे. राजा स्वतः चित्रकार, कीर्तनकार, शिवाय सूर्यनमस्कारांचा प्रचार करण्यात उभी हयात घालवलेला. लोकांपर्यंत गोष्ट कशी न्यावी हे ज्याला पुरते कळत होते त्याने सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माळावर हे संग्रहालय काय सांगून लोकांना दाखवले असेल? यमाईच्या यात्रेला आलेला माणूस डोंगर चढता चढता आत डोकावत असेल का, आणि मूरच्या त्या शिल्पापुढे उभा राहून बायकोला काय म्हणत असेल? मला मूरपेक्षा या माणसाचे कुतूहल जास्त आहे. मूरवर लिहिणारे जगभर आहेत.

पुण्यात दिनकर केळकरांनी आपला अवघा संग्रह 1975 मध्ये शासनाला दिला. कोल्हापुरात अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपली चित्रे आणि राहते घर दिले. अशा संग्रहालयांत दात्याने हौसेने जपलेली कात्रणे, पत्रे, पत्रिका वस्तूंबरोबरच येतात. सरकारी नोकर वस्तू मोजून घेतो, कागद ‘सोबतचे इतर’ म्हणून घेतो. मी घेतलेले आहेत, म्हणून सांगतो.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहे. केंद्राचा 1993 चा कायदा तर संगणकावर तयार झालेली सामग्रीही अभिलेखच मानतो. आणि गंमत अशी की पुराभिलेख संचालनालय आणि संग्रहालयांचे संचालनालय ही दोन्ही आपल्याच विभागाखाली नांदतात. एकाकडे 1821 पासून कागद सांभाळण्याचा अनुभव, दुसऱ्याकडे न सांभाळलेले कागद. मधे फक्त एक टिपणी जायची आहे.

कलाप्रदर्शनांचा मोठा भाग कला संचालनालयाकडे, म्हणजे उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे येतो, आणि मुंबईतली नामांकित संग्रहालये कुठे न्यासाची, कुठे महापालिकेची, कुठे केंद्राची आहेत, हे मला माहीत आहे. त्यांना आपण आदेश देऊ शकणार नाही. पण आधी घरचे तरी नीट व्हावे.

माझे मागणे मोठे नाही. संग्रहालयांच्या अभिलेख वर्गीकरणात प्रसिद्धी आणि लोकसंपर्काची कागदपत्रे ‘ड’ मधून काढून ‘अ’ मध्ये टाकावीत. सगळ्या प्रती नव्हेत. पाचशे पत्रिका छापल्या तर दोन पुरेत. प्रूफ असेल तर ते, पाठवलेली बातमी आणि छापून आलेली बातमी दोन्ही, कारण या दोन्हींत जे अंतर पडते तेही वाचण्यासारखे असते. अभिप्राय वह्या सबंध ठेवाव्यात, ‘छान’ सकट. त्यांत लोकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, म्हणून वाचायला देताना ते झाकावेत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख आणि नावे लिहावीत, त्याच आठवड्यात, कारण वर्षभराने ‘डावीकडून तिसरे’ कोण हे खुद्द डावीकडून दुसऱ्यालाही आठवत नाही. कात्रणांना सेलोटेप लावू नये. मी वीस वर्षे लावला. आज टेप गळून पडली आहे आणि तिच्या जागी मधाच्या रंगाचा डाग आहे, नेमका मथळ्यावर. टाचण्या काढाव्यात. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे आपोआप पिवळा पडून तुटतो, त्याची प्रत चांगल्या कागदावर किंवा स्कॅन करून लगेच घ्यावी.

खरी काळजी पुढचीच आहे. माझ्या काळातले कागद निदान रद्दीत जायला टेम्पो लागत होता. आता निमंत्रण व्हॉट्सॲपवर जाते. पत्रिकेची मूळ फाईल डिझाइन करणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर, कार्यक्रमाचे फोटो अभिरक्षकांच्या (क्युरेटरांच्या) स्वतःच्या मोबाइलमध्ये, फेसबुक पानाचा पासवर्ड कंत्राटी कर्मचाऱ्याकडे. साहेबांची बदली झाली की मोबाइल त्यांच्याबरोबर जातो, मुलाचे कंत्राट संपले की पान गोठते, संकेतस्थळ नवे झाले की जुने नाहीसे होते. रद्दीवाल्याला बोलवावेच लागत नाही. प्रत्येक कार्यक्रमानंतर त्या सगळ्याची एक प्रत कार्यालयाच्या हार्ड डिस्कवर आणि एक पुराभिलेखकडे, फाईलच्या नावात तारीख घालून, एवढी शिस्त लावायला पदनिर्मिती लागत नाही. एका लिपिकाचा महिन्यातला एक दिवस लागतो. मी लिपिक होतो, दिवस निघतो.

शेवटी माझ्या तीन खोक्यांचे. ते कागद मी यादीवर नष्ट झाले म्हणून सही केलेले आहेत, म्हणजे कागदोपत्री ते अस्तित्वातच नाहीत, आणि माझ्या माळ्यावर तर आहेत. मागच्या वर्षी ते परत द्यायला गेलो. खिडकीतल्या मुलाने आदराने बसवले, चहा दिला आणि विचारले, ‘काका, हे कुठल्या रजिस्टरला घेऊ? वस्तू म्हणून घेता येत नाही, पुस्तक नाही, डेडस्टॉकही नाही.’ त्याचे काही चुकले नाही. मी खोकी रिक्षात घालून परत आणली.

आपल्या विभागाकडून असे एखादे रजिस्टर निघाले तर कळवावे. खोकी मी स्वतः आणून देईन. पोचपावती तेवढी द्यावी, आणि तिच्यावर ‘गठ्ठे 3’ एवढेच न लिहिता आत काय आहे तेही लिहावे. यादी मी करून ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त लिपिक