पावसाच्या रात्रीचा तो प्रश्न

बाई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट मी पाळते आहे. पण पत्र उघड लिहायचं, हा माझा हट्ट. दिवाळी अंकातली माझी कथा ज्यांनी वाचली, त्यांना पुस्तकात ती जरा वेगळी दिसेल. ती कुणामुळे बदलली, हे त्यांना कळायला हवं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्यापारी बाप वाट चुकून एका ओसाड वाड्यात शिरतो, धाकट्या लेकीसाठी गुलाब तोडतो, वाड्याचा कुरूप मालक त्या फुलाच्या बदल्यात लेक मागतो, ही ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची गोष्ट सगळ्यांनीच लहानपणी कुठं ना कुठं ऐकलेली असते. मी ती मराठवाड्यात आणली. वाड्याची गढी केली, पांढऱ्या मातीची, बुरूज ढासळलेली. धाकटीला चौतीस वर्षांची केली, नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. आणि दोघांमधली ओढ झाकून न ठेवता लिहिली. अंगाचा वास, घाम, अंधारातला श्वास, सगळं. अशा कथेला आपल्याकडे ‘चावट’ हा एकच शब्द आहे आणि तो मला कधीच पुरेसा वाटला नाही.

अंक वाचनालयात आला आणि पंधरा दिवसांत गावात बोलणं सुरू झालं. मला रात्री दहानंतर फोन यायला लागले. आवाज पुरुषांचे, नाव कुणी सांगायचं नाही. असं लिहिणारी बाई कशी असणार, हे त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलेलं. एकानं पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर फक्त ‘लेकरांची गोष्ट नासवली’ एवढंच. बँकेत माझ्या काउंटरवर येणारे दोन जण शेजारच्या रांगेत उभे राहायला लागले. वाचनालय तुम्ही सांभाळता, म्हणून मी तुमच्याकडे आले ती अंक परत मागायला. म्हटलं, बाई, तेवढा अंक कपाटात टाका, विषय संपेल.

तुम्ही टेबलाचा खण उघडलात आणि शंभर पानी वही काढलीत. म्हणालात, “आधी हे वाच. मग सांग काय करायचं ते.”

अंक घेऊन जाणाऱ्या बायांना तुम्ही ती वही देत होतात. खाकी कव्हर घातलेला अंक आणि खाकी कव्हर घातलेली वही, दोन्ही एकाच पिशवीतून. वहीत नाव लिहायचं नाही, वाटलं तर वय लिहायचं, बाकी मनात येईल ते. मी त्या दिवशी वाचनालयाच्या मागच्या बाकावर बसून सतरा जणींचं लिहिणं वाचलं.

मला वाटलं होतं, अंगाबद्दल लिहिलेल्या भागांवरच सगळं बोलणं असेल. काहींचं होतंही. एकीनं लिहिलं होतं, ‘पाठीचं वर्णन दोनदा वाचलं, खोटं कशाला बोलू.’ एकीला हे सगळं किळसवाणं वाटलं आणि तिनं ते चार ओळींत स्वच्छ लिहिलं. तिचाही मला राग आला नाही. पण बहुतेकजणी थांबल्या होत्या त्या वेगळ्याच जागी. गढीचा मालक रोज रात्री जेवणं झाल्यावर धाकटीला विचारतो, “आज मी इथं थांबू का?” ती नाही म्हणते. तो कंदील उचलतो आणि निघून जातो. बस, एवढंच. मी ते मूळ गोष्टीत होतं म्हणून ठेवलं होतं, फार विचार न करता. आणि बासष्ट वर्षांच्या एका बाईनं त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘तो विचारतो आणि नाही म्हटलं की जातो. मी हे वाचून न्हाणीघरात जाऊन रडले. मला कुणी कधी विचारलंच नाही.’

दुसरी एक, वय नाही लिहिलेलं, अक्षर शाळकरी: ‘नाही म्हटल्यावर त्यानं दार आपटलं नाही, सकाळी अबोला धरला नाही. असा माणूस राक्षस कसा म्हणायचा?’

त्यानंतर मी अंक परत मागितला नाही.

वाचनालयाच्या संचालक मंडळाच्या बैठकीत काय झालं ते मी दारापाशी उभी राहून ऐकलं. अंक यादीतून काढा, लेखिकेवर तक्रार करा, असं एका सदस्याचं म्हणणं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. र. धों. कर्व्यांवर त्यांच्या लैंगिक आरोग्यावरच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं होतं, एवढंच विचारलंत. खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती. तुम्ही बोट दाखवलं नाही, सगळ्यांचे डोळे आपसूक तिकडं गेले. मग तुम्ही त्यांना सांगितलंत की १९६२च्या एका दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटले. “आपला तालुका सर्वोच्च न्यायालयाच्या वर नाही,” म्हणालात. अंक राहिला. लेकरांच्या हाती जाणार नाही, प्रौढ सभासदांना मागितला तरच मिळेल, असं ठरलं. ते मलाही पटलं.

पण ‘लेकरांची गोष्ट’ हे मला टोचत होतं. तुम्ही म्हणालात, टोचतंय तर मुळाशी जा. मी गेले. ही गोष्ट ज्या रूपात जगभर पसरली ती आधी फ्रान्समध्ये छापली गेली, १७४० साली, मादाम द व्हिलनव या लेखिकेची, खूप लांब आणि मोठ्यांसाठी लिहिलेली. त्यात तो प्राणी रोज रात्री विचारतो, मी तुझ्यासोबत निजू का? सरळ शब्दांत. पुढं १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी ती छोटी केली. त्या मुलींना शिकवायच्या आणि गोष्टही त्यांनी मुलींसाठीच लिहिली. त्यांनी प्रश्न बदलून ‘माझ्याशी लग्न करशील का?’ असा केला. पुढं जगानं वाचली ती हीच. म्हणजे लग्नाऐवजी थांबण्याचं विचारणं, ज्याला मी माझी भर समजत होते, तो प्रश्न १७४० पासून तिथंच होता. पोस्टकार्डवाल्यांना मी हे कळवू शकत नाही, त्यांनी पत्ता दिला नव्हता. इथं लिहिते, कधी वाचलं तर वाचतील.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र.

पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा मी हस्तलिखित घेऊन तुमच्या घरी आले. माझी खात्री होती की पावसाची रात्र हा कथेतला सगळ्यात चांगला भाग आहे. वीज कडाडते, कंदील विझतो, धाकटी थरथरते, तो तिला उचलून पलंगावर नेतो. फोनवर, पत्रात, पुरुषांनी कौतुक केलं ते नेमकं याच प्रसंगाचं. वहीतही दोघींना तो आवडला होता. तुम्ही तो प्रसंग वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणालात, “दहा रात्री विचारतो. अकराव्या रात्री कामून विचारत नाही गं?”

मी म्हटलं, तिची इच्छा होती ना. तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

“दिसलं कुणाला? त्याला का तुला? आणि त्या वहीतल्या बाईला आता काय सांगायलीस तू, की पाऊस आला तर विचारायचं नसतंय?”

बाई, मला त्या क्षणी तुमचा राग आला होता. घरी येईपर्यंत मनात भांडत होते. प्रत्येक ठिकाणी परवानगी मागत बसलं तर शृंगार उरतो कुठं, असं काहीबाही. दुसऱ्या दिवशी बँकेत तुमचा फोन आला. तुम्ही कथेबद्दल बोललाच नाहीत. पैठणच्या हाल सातवाहन राजानं जमवलेल्या प्राकृत गाथांमधली एक गाथा सांगितलीत. पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीनं पाणी पितोय, डोळे वर, तिच्याकडं. जितका वेळ मिळेल तितका हवा म्हणून बोटं सैल करतो आणि पाणी गळू देतो. आणि पाणी घालणारी ती, आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करत जाते. दोघंही एकमेकांना हात लावत नाहीत. “दोन ओळीत आहे हे,” म्हणालात, “आणि आपल्याच गोदेच्या काठचं आहे.”

मे महिना होता. आमच्या नळाला नऊ दिवसांनी पाणी यायचं. धार बारीक करणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी पावसाची रात्र पुन्हा लिहिली. आता तो उंबऱ्याबाहेर उभा आहे, बुरुजाची भिंत सावरून आलाय, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेत. ती तांब्या घेऊन येते आणि त्याच्या हातांवर पाणी घालते. आधी भरभर. मग हळू. मग धार इतकी बारीक की तुटेल असं वाटतं, आणि दोघंही त्या धारेकडे बघत राहतात. चिखल केव्हाच गेलेला असतो. मग तो विचारतो, रोजचाच प्रश्न, रोजच्याच शब्दांत. ती मान हलवत नाही, डोळ्यांनी सुचवत नाही. ती बोलते. ‘थांब’ म्हणते. त्याला क्षणभर कळत नाही की हे थांबायला सांगणं आहे की राहायला. म्हणून तो पुन्हा विचारतो.

हे मी आजवर लिहिलेलं सगळ्यात धीट पान आहे. आधीच्या मसुद्यात जे काही उघडं होतं, ते या तांब्याभर पाण्यापुढं फिकं वाटतं. शृंगार कमी होईल म्हणून मी जिथं घाबरले होते, तिथंच तो होता, आणि तिथवर तुम्ही मला नेलंत. रागावले होते, त्याबद्दल माफ करा.

वही तुमची तुम्हाला परत करते आहे. त्या बासष्ट वर्षांच्या बाई अजून येत असतील तर नवी कथा पहिल्यांदा त्यांना द्या. त्या कोण, हे मला सांगू नका.

छापखान्यातून प्रती या आठवड्यात मिळतील. शनिवारी बँक सुटली की पहिली प्रत घेऊन येते. दाखल नोंदवहीत नंबर तुमच्याच हातानं टाका.

तुमची,
वाचनालयाची जुनी सभासद