स.न.वि.वि. आणि नोजेम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पानावर एका काकांचं पत्र होतं, पोरं कोरियन सिरियल बघून कॉमेंटमध्ये भलतंच कायतरी टाईप करतात, मराठीचं वाटोळं झालं वगैरे. मी पण असाच चिडायचो, कारण माझ्या लग्नाची जुनी कॅसेट कौतुकाने लावली तर भाची म्हणते 'नोजेम'. हा कोरियन पोरांचा शब्द, नो इंग्रजीतला आणि जेम म्हणजे मजा, थोडक्यात मामा बोअर झालं. जाम मजा आली की कुलजेम, त्यातला कुल म्हणजे मध.

मग म्हटलं शिकव. हसायचं असलं की ख सारखं एक अक्षर चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे आपलं ख्या ख्याच झालं, फक्त एकदाच दाबलं तर समोरच्याला तिरकस वाटतं. 'यू'चं अक्षर दोनदा टाकलं की रडू, ते दिसतंच मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्यासारखं. कोरियाच्या सेजोंग राजाने १४४६ साली लोकांसाठी ही लिपी जाहीर केली तेव्हा हे त्याच्या मनात पण नसणार. सगळ्यात भारी 'नेरोनामबुल'. मी केलं तर रोमान्स, दुसऱ्याने केलं तर लफडं, या अख्ख्या वाक्यातली अक्षरं उचलून केलेला शब्द. आपण म्हणतो ना आपला तो बाब्या, तेच. आणि वर मी स.न.वि.वि. लिहिलं ते काय वेगळं आहे सांगा, पोरांचं 'जे१ झालं का' तरी निदान वाचून कळतं.

तिकडे घाण कॉमेंटला पण शब्द आहे, आकफुल. त्याचा त्रास इतका वाढला की नेव्हर या तिकडच्या मोठ्या वेबसाइटने मार्च २०२० मध्ये मनोरंजनाच्या बातम्यांखाली कॉमेंटच बंद केल्या. आपल्याकडे शुद्ध मराठीत आयमाय काढणाऱ्यांवर कोणी पत्र लिहीत नाही.

माझं दुखणं वेगळंय. हीच भाची नेरोनामबुल बिनचूक लिहिते, पण आजीने 'जेवन व्हयनं का' विचारलं की उत्तर 'हो आजी, जेवले'. कोरियन लिहायला लाज नाही, अहिराणीची वाटते, आणि त्यात तिची काय चूक, लहानपणी 'नीट बोल' म्हणून आम्हीच टोकलं तिला. ते काका पण आपल्या खान्देशातलेच दिसतात, तर त्यांनी पुढचं पत्र अहिराणीत लिहावं. तुम्ही छापाल ना?

– एक वाचक, अमळनेर