सुभेदार साहेब, हे आभार चारचौघांतच मानायचे होते

आदरणीय सुभेदार साहेब,

जय हिंद.

माझ्या अपंगत्व पेन्शनच्या खटल्याचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी फोन केला, पण मला धड बोलताच आलं नाही. तुम्ही म्हणालात, "ते राहू दे. कॉरिजेंडम पीपीओ आला की आधी मला दाखव." आता तो पीपीओ, म्हणजे पेन्शनचा दुरुस्त केलेला आदेश, आलाय, डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, दर महिन्याला खात्यात पडतंय, थकबाकीही मिळाली. म्हणून आज बोलतो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो. तुम्ही जे केलंत ते माझ्यासारख्या बाकीच्या माजी सैनिकांनाही कळलं पाहिजे.

२००६ साली हवालदार म्हणून नोकरी पूर्ण करून मी गावी आलो, तेव्हा रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाने, लिहून दिलं होतं: दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज), अपंगत्व ३० टक्के, कायमचं. त्याच कागदावर खाली शेरा होता की हा आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेला नाही, आणि त्याची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर, झाली. तेवढ्या शेऱ्यावर क्लेम नामंजूर झाला. पहिलं अपील केलं, तेही त्याच शब्दांत परत आलं. नातेवाईक म्हणाले, वय झालं की गुडघे जायचेच. माझं वय तेव्हा ४३ होतं.

मांडी घालून पंगतीला बसणं सुटलं, बांधावरून उतरताना पोराचा खांदा धरावा लागायचा. ते सोसत होतो. पण माझ्या गुडघ्यांचा फौजेशी काही संबंध नाही असं सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं मात्र सोसवत नव्हतं. बर्फात पिट्ठू (पाठीवरचं ओझं) घेऊन चढलेला माणूस घरी येतो आणि कागद त्याला सांगतो की हे तुझं घरचंच दुखणं आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तुम्हाला न बोलता कळलं.

फाईल हातात घेणारा प्रत्येकजण शेवटचं पान उघडायचा. तुम्ही भरतीच्या मेडिकलपासून सुरुवात केलीत. ते पान माझ्यापुढे ठेवून विचारलंत, "यात गुडघ्याबद्दल एक अक्षर तरी आहे का?" नव्हतं. मग १९८२ चे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे अपंगत्व पेन्शन कुणाला लागू ते ठरवणारे नियम, तुम्ही मला मराठीत समजावलेत, घाई न करता, मी दोनदा विचारलं तरी न वैतागता. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो नोकरीतच उद्भवला असं धरायचं. तो आधीपासून होता पण तपासणीत सापडण्यासारखा नव्हता, असं बोर्डाचं म्हणणं असेल तर बोर्डाने कारणं लिहायची. सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही, आणि शंका उरली तर फायदा जवानाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. ते फौजेच्या सिग्नल्स, म्हणजे संदेशवहन विभागाचे जवान. त्यांना फिट्स येत होत्या, अपंगत्व २० टक्के, आणि त्यांच्याही बोर्डाने कारण दिलं नव्हतं. माझ्या बोर्डाच्या कागदांतही कारण कुठेच नव्हतं, नुसता निष्कर्ष होता. त्या दिवशी तुमच्या ओसरीवरून उठताना, आरोपीसारखं उभं राहण्याची गरज नाही हे मला पहिल्यांदा पटलं.

मग पीस स्टेशनचा मुद्दा. साहेब, खरं काम तुम्ही इथे केलंत. तुम्ही माझ्याकडून सगळ्या पोस्टिंग्ज लिहून घेतल्यात, मराठीत, जशा आठवतील तशा. कुठे किती उंचीवर होतो, पाठीवर काय असायचं, गस्त किती लांब जायची, उतरताना भार कुठल्या पायावर यायचा. काश्मीरमध्ये तंगधारला नाल्यात घसरून पडलो होतो. दुसऱ्या दिवशी पोस्ट बदलायची होती, म्हणून पट्टी बांधून पुढे निघालो, इंज्युरी रिपोर्ट बनला नाही. पण एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गोळ्या घेतल्याची आणि एक्सक्यूज ड्यूटीची (आजारपणामुळे कामातून दिलेल्या सुटीची) नोंद मेडिकल कागदांत होती. ती तुम्ही शोधून काढलीत. तुम्ही म्हणालात, "सांध्यातली कूर्चा वर्षानुवर्षं झिजते आणि दुखणं नंतर बोलायला लागतं. ज्या स्टेशनला एक्स-रे निघाला, तिथेच गुडघा झिजला असं कसं म्हणता येईल?" हाच युक्तिवाद वकिलांनी पुढे मांडला. मूळ तुमचा होता, हे मी इथे लिहून ठेवतो.

पुढचा रस्ता तुम्ही आधीच सांगून ठेवला होता. दुसरं अपील पाठवायचं, सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या, म्हणजे फौजींचे खटले ऐकणाऱ्या न्यायालयाच्या, मुंबई खंडपीठात अर्ज. इतक्या वर्षांचा उशीर झालाय, अर्ज घेतील का, ही माझी धास्ती होती. पेन्शन दर महिन्याची असते, म्हणून नाकारलेल्या पेन्शनचा अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो, हे तुम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा आधार देऊन समजावलंत. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल, हेही त्याच बैठकीत सांगितलंत. खोटी आशा लावली नाहीत. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालामुळे, नोकरी पूर्ण करून निघालेल्यांनाही राउंडिंगचा, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा, फायदा मिळतो, म्हणून माझे ३० टक्के ५० धरले गेले. हा मुद्दा अर्जात घालायचा आग्रहही तुमचाच.

पैशाचं बोलायलाच हवं. थकबाकीतला वाटा मागणारी माणसं मला भेटली होती. तुम्ही झेरॉक्सचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. फौजेच्या रेकॉर्ड्स ऑफिसमध्ये क्लार्क म्हणून जन्मभर जवानांचे कागद सांभाळलेत आणि रिटायर झाल्यावरही तेच करताय, एका डोळ्याला नीट दिसत नसताना. काकूंनी प्रत्येक वेळी जेवल्याशिवाय उठू दिलं नाही, त्यांचेही आभार.

हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना साहेबांनीच सांगायला सांगितलेली एक गोष्ट: २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एंटायटलमेंट रूल्स लागू झालेत. त्यानंतर निघालेल्यांनी माझं प्रकरण जसंच्या तसं स्वतःला लावू नये. आपल्या रिटायरमेंटच्या तारखेला कुठले नियम होते ते आधी बघावं. आणि बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत मागून घ्यावी, नुसतं नामंजुरीचं पत्र नव्हे.

साहेब, रविवारी मी शेजारच्या गावातल्या नाईक हुद्द्याच्या एका माजी जवानाला घेऊन येतोय. त्याचा खांदा गेलाय आणि पत्रात तीच भाषा आहे. भरतीचं मेडिकल सगळ्यात वर लावलंय, पोस्टिंग्ज त्याच्याकडून लिहून घेतल्यात. तुम्ही फक्त ऐका, वाचून मी दाखवतो.

तुमचा,
एक निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
जिल्हा सातारा